विश्लेषण : पवनचक्कीचं पातं गावापर्यंत येतं, परवाना मात्र फाट्यावरच थांबतो

जत, कवठेमहांकाळच्या माळावर पवनचक्क्या नव्या नाहीत. ढालगावच्या पठारावर त्या कित्येक वर्षं फिरताहेत. बदललाय तो त्यांचा आकार. पहिल्या पिढीतल्या पवनचक्कीचं एक पातं साधारण २५-३० मीटरचं होतं. आता येणारी पाती ६०-७० मीटरची, काही त्याहूनही लांब. म्हणजे दोनशे फुटांच्या पुढे. एसटीच्या पाच-सहा गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तरी पातं त्यांना पुरून उरेल.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं जुन्या पवनचक्क्यांच्या जागी मोठ्या, जास्त ताकदीच्या पवनचक्क्या बसवायचं सुधारित धोरण आणलं. सोबत सौर प्रकल्प, मोठी वीज उपकेंद्रं, त्यांचे ट्रान्सफॉर्मर हेही आहेच. म्हणजे येत्या काही वर्षांत आपल्या तालुक्यांतल्या रस्त्यांवरून अशी धुडं वाढणार, कमी होणार नाहीत.

गाडी गावात आली की चित्र ठरलेलं असतं. पोरं मोबाईल काढतात, वायरमनला फोन जातो, कुणाच्या तरी बांधाची माती खचते, मोरीची कड तुटते, आणि मग कुणीतरी विचारतं, "यांना परवानगी दिली कोणी?" ड्रायव्हर एक कागद दाखवतो. कागद खरा असतो. पण तो कागद तुमच्या गावच्या रस्त्याचा असतोच असं नाही. खरा घोळ इथंच आहे.

किती मोठं म्हणजे 'जादा आकाराचं'?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये वाहनाच्या मापांची मर्यादा दिलेली आहे. रुंदी २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फूट. मालवाहू गाडीची उंची साधारण ४ मीटर, म्हणजे तेरा फूट. एकसंध ट्रकची लांबी १२ मीटर, म्हणजे चाळीस फुटांच्या आत. वजनाचं गणित चाकांच्या एक्सलवर चालतं. २०१८ मध्ये केंद्रानं ही मर्यादा वाढवली. चार टायरच्या एका एक्सलला आधी १०.२ टन चालायचे, आता ११.५ टन चालतात.

यापेक्षा माल मोठा असेल तर त्याला वाहतूक व्यवसायात 'ओडीसी' म्हणतात, म्हणजे ठरलेल्या मापाबाहेरचा माल. वजनानं जास्त असेल तर 'ओडब्ल्यूसी'. पवनचक्कीचं पातं लांबीनं जास्त, पण वजनानं त्या मानानं हलकं. टॉवरचं नळकांडं उंची आणि रुंदीनं जास्त. वरचं मशीन, ज्याला कंपनीवाले नॅसेल म्हणतात, ते वजनानं जास्त. आणि मोठ्या उपकेंद्राचा ट्रान्सफॉर्मर सगळ्यात जड, १०० टनांच्या पुढे जाणारा.

हा फरक लक्षात ठेवायला हवा. पात्यानं कोपरे, झाडं आणि बांध जातात. नळकांड्यानं तारा आणि कमानी जातात. ट्रान्सफॉर्मरनं पूल आणि मोऱ्या जातात. समोर कुठली गाडी येतेय त्यावर गावानं कशाची काळजी घ्यायची ते ठरतं.

मोठ्याला परवाना, शेतकऱ्याला दंड?

पारावर हा प्रश्न नेहमी निघतो. "आमच्या ट्रॉलीतनं ऊस जरा बाहेर आला तर पावती फाडतात, आणि यांची दोनशे फुटी गाडी पोलीस बंदोबस्तात जाते. हा कुठला न्याय?"

राग समजण्यासारखा आहे. पण यामागं एक साधं तत्त्व आहे, ते माहीत असलेलं बरं. जो माल तोडून, सुटा करून नेता येत नाही, त्यालाच असा खास परवाना मिळतो. पातं मधून कापून दोन गाड्यांत नेता येत नाही. ट्रान्सफॉर्मर अर्धा-अर्धा करता येत नाही. पण ऊस, कडबा, वाळू, मुरूम हा माल दोन खेपांत नेता येतो. म्हणून त्याला जादा भरायचा परवाना मिळत नाही, मिळणारही नाही.

दंडही लहान नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार कलम १९४ खाली जादा वजनाला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. पाच टन जास्त निघाले तर ३० हजार झाले. माल बाजूनं, मागून, पुढून किंवा उंचीनं मर्यादेबाहेर गेला तर तेही २० हजार. शिवाय जादा माल उतरवायचा खर्च वेगळा. गाडी थांबवून वजन करायला नकार दिला तर ४० हजार.

हाच दंड परवाना नसलेल्या, किंवा परवान्याबाहेर गेलेल्या मोठ्या गाडीलाही लागू आहे. कायद्यानं सूट दिली आहे ती सक्षम अधिकाऱ्यानं मान्य केलेल्या त्या एका मालाला. कंपनी मोठी आहे म्हणून कोणतीही सूट नाही. तेव्हा प्रश्न विचारायचा तो "यांना का सोडलं?" असा नव्हे. "यांना ज्या अटींवर सोडलं, त्या अटी पाळल्या जाताहेत का?" असा विचारायला हवा.

एक वाट, पण मालक पाच

समजा एक नॅसेल पुण्याच्या बाजूनं निघालं आणि जत तालुक्यातल्या एखाद्या वाडीच्या माळावर जायचं आहे. गाडी एकच, पण तिच्या वाटेचे मालक मोजा.

राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा. त्यासाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे ऑनलाइन अर्ज करावा लागतो. गाडी कोणती, एक्सल किती, प्रत्येक एक्सलवर वजन किती, लांबी-रुंदी-उंची किती, कुठून कुठे जाणार, हे सगळं त्यात भरायचं. आपल्याकडचे रत्नागिरी–नागपूर (१६६) आणि गुहागर–विजापूर (१६६ ई) हे दोन्ही राष्ट्रीय महामार्ग आहेत.

महामार्ग सोडला की राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग. हे सार्वजनिक बांधकाम विभागाकडं. त्यापुढचे इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडं. शहर लागलं तर आतल्या रस्त्यांना महापालिका किंवा नगरपरिषद. गावठाणातला रस्ता ग्रामपंचायतीकडं.

एवढ्यावर भागत नाही. वाटेत म्हैसाळ किंवा टेंभू योजनेचा कालवा लागला तर त्यावरचा पूल जलसंपदा खात्याचा. रेल्वे फाटक लागलं तर रेल्वेची परवानगी. वर तारा असतील तर महावितरण किंवा महापारेषण. आणि शेवटच्या वळणावर गाडी वळायला जागा नसेल तर कोपऱ्यावरच्या शेतकऱ्याची जमीन.

या प्रत्येकाचा कागद वेगळा. एकाची परवानगी दुसऱ्याच्या रस्त्यावर चालत नाही. दिल्लीतून मिळालेला परवाना महामार्गापुरता खरा. गाडी फाट्यावरून आत वळली की त्या कागदाची हद्द संपली. पण गावात दाखवला जातो तो तोच कागद, कारण त्यावर केंद्र सरकारचं नाव असतं आणि ते बघितलं की पुढचा माणूस गप्प बसतो.

आता बघा, महामार्गाचा रस्ता सगळ्यात मजबूत, आणि तपासणीही तिथंच सगळ्यात कडक. गावाचा रस्ता सगळ्यात कच्चा, आणि तिथं तपासणी सगळ्यात ढिली. अनेक ग्रामीण रस्त्यांची डांबरी रुंदी असते ३.७५ मीटर, म्हणजे बारा फूट. चार मीटरचं नळकांडं त्यावर आलं की डांबर पूर्ण झाकून दोन्हीकडं बाहेर येतं. समोरून रुग्णवाहिका आली तर तिला बाजूला व्हायला साइडपट्टीसुद्धा उरत नाही.

पुलाचं गणित तोंडी होत नाही

"एवढे उसाचे ट्रक जातात की या पुलावरून, याला काय होतंय?" असं ठेकेदाराचा माणूस म्हणतो. हे वाक्य महागात पडू शकतं.

एप्रिल २०२२ मध्ये मध्य प्रदेशात, भोपाळ–नागपूर महामार्गावर सुखतवा नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला. त्या वेळी त्यावरून १३८ चाकांचा एक ट्रेलर इटारसीच्या वीज केंद्राकडं अवजड यंत्र घेऊन चालला होता. रोज हजारो गाड्या पेलणारा तो पूल या एका गाडीखाली गेला, आणि नागपूरकडच्या वाहतुकीला वळसा घालायची वेळ आली.

चाकं जास्त असली की वजन वाटलं जातं, हे खरं आहे. म्हणूनच अशा ट्रेलरला शंभर-दीडशे चाकं असतात. पण वाटलं जातं ते रस्त्यावर. पुलाच्या एका गाळ्यावर एका वेळी किती वजन येतं हा वेगळा हिशोब आहे. दहा ट्रक एकामागे एक अंतर ठेवून जाणं वेगळं आणि दहा ट्रकांचं वजन एकाच वेळी एकाच गाळ्यावर उभं राहणं वेगळं.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुलांच्या नियमावलीत अशा खास वाहनांसाठी वेगळं गणित दिलं आहे. त्यात एकूण ३८५ टनांपर्यंतचं वाहन धरलं आहे. पण त्याला अटी आहेत. गाडी पुलाच्या मधोमध चालली पाहिजे. वेग ताशी ५ किलोमीटरच्या आत, म्हणजे माणूस चालतो तेवढा. आणि त्या वेळी पुलावर दुसरं एकही वाहन नको. नव्या मोठ्या पुलाच्या रचनेत हे धरलं जातं. जुना पूल, कालव्यावरचा छोटा पूल, ओढ्यावरची नळमोरी यांच्या रचनेत ते धरलेलं नसतं. कृष्णेवरचा सांगलीचा आयर्विन पूल १९२९ सालचा आहे. तो बांधणाऱ्यांच्या डोळ्यासमोर शंभर टनांचा ट्रेलर असणं शक्यच नव्हतं. गावाकडच्या कित्येक मोऱ्या तर बैलगाडी आणि एसटीच्या हिशोबानं घातलेल्या आहेत.

आपल्याकडं आणखी एक गोष्ट रस्त्याखाली दडलेली असते, ती म्हणजे पाइपलाइन. विहिरीतून, नदीतून, कालव्यातून शेतात पाणी नेणाऱ्या शेतकऱ्यांच्या खासगी लाइनी रस्ता ओलांडून गेल्यात. काही ठिकाणी गावच्या नळपाणी योजनेची लाइन साइडपट्टीतूनच गेली आहे. वर दोन फूट माती आणि खाली पीव्हीसीचा पाइप. जड गाडीचं चाक साइडपट्टीवर उतरलं की पाइप चेपतो. गळती दिसते पंधरा दिवसांनी, तोवर गाडी गेलेली असते आणि जबाबदार कोणी उरत नाही.

तारा, कमान आणि बंद पडलेली मोटर

वीज सुरक्षेच्या नियमांप्रमाणे रस्ता ओलांडणारी लघुदाबाची तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर, म्हणजे एकोणीस फूट उंच हवी. ११ आणि ३३ केव्हीची तार किमान ६.१ मीटर, म्हणजे वीस फूट. नियम असा आहे. प्रत्यक्षात आपल्या गावातल्या तारा किती खाली आल्यात ते कडब्याची गाडी नेणाऱ्याला विचारा.

आता हिशोब करा. सव्वाचार मीटरचं नळकांडं एक मीटर उंचीच्या ट्रेलरवर ठेवलं की वरचा माथा सव्वापाच मीटरवर गेला. तार नियमाप्रमाणे असली तरी मध्ये राहिलं अर्ध्या मीटरच्या आसपास. तार जराशी झोळ खाल्लेली असली की संपलं. आणि उच्चदाबाच्या तारेला चिकटायची गरज नसते, जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते.

म्हणून काही पोरं बांबूनं तार वर ढकलतात आणि गाडी खालून काढतात. हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलंय. हा सरळ जिवाशी खेळ आहे. योग्य पद्धत एकच. महावितरणकडं आधी अर्ज, ठरलेल्या वेळी लाइन बंद, ती बंद असल्याची वायरमनकडून खात्री, आणि मगच गाडी पुढं. तार काढून पुन्हा जोडायची असेल तर तो खर्च वाहतूकदाराचा.

यातही गावाचा एक प्रश्न राहतोच. लाइन बंद झाली की शेतीची मोटर बंद. शेतीला वीज आधीच पाळीनं. ती पाळी या गाडीपायी गेली तर भरून कोण देणार? लाइन कधी बंद होणार हे आदल्या दिवशी गावाला कळलं तरी माणूस पाणी पाजायची वेळ बदलू शकतो. एवढी साधी सूचना द्यायला पैसे लागत नाहीत.

रेल्वेचंही तसंच. विजेवर चालणाऱ्या मार्गावर फाटकाच्या दोन्ही बाजूंना उंचीची लोखंडी चौकट असते. त्या चौकटीत बसत नाही अशी गाडी रेल्वेच्या परवानगीशिवाय फाटक ओलांडू शकत नाही. आणि गावची स्वागत कमान? ती बांधताना कुणी दोनशे फुटी गाडीचा विचार केलेला नसतो. कमान कुणाच्या स्मरणार्थ असते, कुणाच्या देणगीतून असते. ती पाडायची की वाट बदलायची, हा निर्णय रात्री दोन वाजता ठेकेदारानं घ्यायचा नसतो. तो ग्रामसभेचा विषय आहे.

शहरात रात्री, गावात कधीही

शहरातून अशी गाडी न्यायची म्हटलं की वाहतूक पोलीस वेळ ठरवून देतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली एखाद्या रस्त्यावर ठरावीक वाहनांना बंदी घालायचा किंवा वेळेचं बंधन घालायचा अधिकार सरकारला आणि सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे. म्हणून दिवसा अवजड वाहनांना बंदी असलेल्या रस्त्यावरून अशी धुडं रात्री उशिरा हलवली जातात. पुढं पायलट गाडी, मागं गाडी, लाल झेंडे, दिवे, चौकात पोलीस.

तीच गाडी तालुक्याच्या गावात आठवडी बाजाराच्या दिवशी भर अकरा वाजता येऊ शकते. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू असताना, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असताना येऊ शकते. यात्रेच्या तोंडावर येऊ शकते. कारण गावाचा बाजार कधी, यात्रा कधी, शाळा कधी सुटते, हे मुंबई-दिल्लीच्या परवान्यात लिहिलेलं नसतं. ते सांगणारा माणूस गावातच असतो आणि त्याला कोणी विचारलेलं नसतं.

काळजीपूर्वक केलं तर अवाढव्य मालसुद्धा नेता येतो, हेही खरं. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी सुमारे ७० टनांचं एक यंत्र जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून निघालं. ७४ चाकांची गाडी, सोबत तीसेक माणसं. साधारण १७०० किलोमीटरचा रस्ता, पण पोचायला जुलै २०२० उजाडला. मधे लॉकडाउन लागलं हे खरं, पण एरवीही गाडी दिवसाला पाच-सहा किलोमीटरच जायची. वाटेत तारा काढल्या, रस्ते दुरुस्त केले, झाडं तोडली, मगच पुढं सरकले. अंतराळ केंद्राच्या मालाला जी सावधगिरी, ती वाडीच्या मोरीलाही मिळायला हरकत नाही.

गाडी अडवू नका, कागद मागा

नुकसान झालं की आपल्याकडं पहिली प्रतिक्रिया म्हणजे गाडी अडवायची. दोन दिवस गाडी उभी राहते, मग कुणीतरी मध्यस्थ येतो, काही पैसे हातात पडतात, गाडी जाते. मोरी मात्र तशीच राहते. पैसे कुणाला मिळाले हे गावाला कळत नाही. आणि रस्ता अडवल्याचा गुन्हा दाखल झाला तर तो होतो पुढं उभ्या असलेल्या तरुण पोरांवर. नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी करताना तोच गुन्हा आडवा येतो.

त्यापेक्षा गाडी यायच्या आधीचे पंधरा दिवस महत्त्वाचे. गावात पवनचक्कीचा किंवा उपकेंद्राचा पाया खणायला लागले म्हणजे काही आठवड्यांत मोठी गाडी येणारच. तेव्हाच ग्रामपंचायतीनं कंपनीला आणि वाहतूकदाराला लेखी पत्र द्यावं. त्यात मागायच्या गोष्टी अशा :

पहिली, आपल्या हद्दीतला रस्ता ज्याच्या मालकीचा आहे, त्या खात्याची परवानगी. महामार्गाची नव्हे. जिल्हा परिषदेचा रस्ता असेल तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाची, कालव्याचा पूल असेल तर जलसंपदाची.

दुसरी, रस्त्याचा पाहणी अहवाल. वाहतूकदार निघायच्या आधी पूर्ण वाट मोजतो, कुठं तार आहे, कुठं वळण आहे, कुठं मोरी आहे ते लिहितो. हा अहवाल त्याच्याकडं असतोच. त्यातलं आपल्या गावाचं पान मागायचं.

तिसरी, गाडीचं एकूण वजन, एक्सलची संख्या, लांबी, रुंदी, उंची आणि येण्याची तारीख-वेळ.

चौथी, नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, त्या माणसाचं नाव, पद आणि फोन. सही-शिक्क्यासह.

पाचवी, गाडी येण्याआधी रस्त्याची संयुक्त पाहणी. मोरी, साइडपट्टी, कमान, डीपी, पाइपलाइनची जागा यांचे फोटो आणि व्हिडिओ, तारखेसह. प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. गाडी गेल्यानंतरचा फोटो सगळेच काढतात. गाडी येण्याआधीचा फोटो कुणाकडं नसतो, आणि भरपाईचं प्रकरण तिथंच पडतं.

ग्रामपंचायतीनं ना-हरकत द्यायची असेल तर या अटी घालूनच द्यावी, आणि ठराव ग्रामसभेच्या वहीत नोंदवावा. कोऱ्या ना-हरकतीवर सरपंचाची सही म्हणजे गावानं स्वतःच्या हातानं हक्क सोडण्यासारखं आहे.

कोपऱ्यावरच्या शेतकऱ्यानंही तोंडी व्यवहार करू नये. गाडी वळवायला किती गुंठे लागणार, किती दिवस, उभ्या पिकाचे किती, मुरूम टाकला तर तो काढून वरची काळी माती परत कोण पसरणार, बांधाची खूण हलली तर मोजणी कोण करून देणार, हे सगळं कागदावर घ्यावं. मुरूम पडलेल्या तुकड्यात पुढची दोन-तीन वर्षं पीक नीट येत नाही, याचा हिशोब एका हंगामाच्या भाड्यात बसत नाही.

नुकसान झालंच तर त्याच दिवशी तलाठी आणि ग्रामसेवकाला बोलावून पंचनामा करून घ्या. गाडीचा नंबर, ट्रेलरचा नंबर दोन्ही लिहून घ्या, कारण पुढचं इंजिन आणि मागचा ट्रेलर यांची नोंदणी वेगळी असू शकते. रस्ता नवीन असेल तर आणखी सावध. पंतप्रधान ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याची देखभाल पहिली ५ वर्षं ठेकेदाराकडं असते. जड गाडीनं रस्ता फुटला आणि पंचनामा नसला तर रस्त्याचा ठेकेदार वाहतूकदाराकडं बोट दाखवणार आणि वाहतूकदार ठेकेदाराकडं. मधे खड्डे मात्र गावाच्या वाट्याला.

कागद द्यायला कुणी टाळाटाळ केली तर माहिती अधिकार आहे. १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत. आमच्या रस्त्यावरून जादा आकाराच्या वाहनाला दिलेली परवानगी, त्याच्या अटी, आणि नुकसानभरपाईपोटी घेतलेली रक्कम, एवढंच विचारायचं. रक्कम घेतली असेल तर ती कुठल्या रस्त्यावर खर्च झाली, हेही.

कंपन्यांचंही ऐकायला हवं

एक बाजू त्यांचीही आहे. पाच खात्यांकडं पाच अर्ज, प्रत्येकाची वेगळी तारीख. एकाची परवानगी येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपते. ट्रेलर रस्त्याकडेला उभा राहिला तरी भाडं चालूच. मग वाहतूकदार मोठ्या रस्त्यांचे कागद पूर्ण करतो आणि छोट्या रस्त्यांचं "बघू तिथं गेल्यावर" म्हणून सोडून देतो. तिथं गेल्यावर मग कुणी दमदाटी करतं, कुणी पैसे मागतं. गावाच्या नावावर खंडणी मागणारे वेगळे आणि नुकसान भरून मागणारं गाव वेगळं. पण कागद नसला की दोघंही एकाच पंगतीत दिसतात, आणि खरं नुकसान झालेला माणूस मागं राहतो.

यावर उपाय अवघड नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात अशा वाहतुकीसाठी एक जबाबदार अधिकारी असावा. शेवटच्या टप्प्यातल्या सगळ्या रस्त्यांची परवानगी तिथं एकत्र व्हावी. दिलेली प्रत्येक परवानगी, तारीख आणि वाट तालुक्याच्या संकेतस्थळावर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर आठ दिवस आधी लागावी. आणि नुकसानभरपाईची अनामत रक्कम गाडी यायच्या आधी जमा व्हावी, गाडी गेल्यावर शोधत बसायची वेळ येऊ नये.

हे होईल तेव्हा होईल. तोवर ज्या गावाच्या माळावर पाया खणायला सुरुवात झाली आहे, त्या गावानं या आठवड्यातच दोन कामं करावीत. मोरीचा, कमानीचा आणि तारांचा तारखेसह व्हिडिओ काढून ठेवावा, आणि ग्रामपंचायतीचं पत्र पोच घेऊन कंपनीला द्यावं. पवनचक्की वीसेक वर्षं फिरणार आहे. तिच्या गाड्या मात्र काही दिवसांतच येऊन जातात. विचारायचं ते त्याच्या आधीच विचारायला हवं.